सापडलेल्या कुत्र्याचं काय करायचं? महापालिका आयुक्तांना एका निवृत्त पोस्टमनचं खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त साहेब,
आपली महानगरपालिका.

विषय : सापडलेल्या कुत्र्याची नोंद करायला महापालिकेत जागा नाही, त्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी टपाल खात्यात ३६ वर्षं पोस्टमन होतो, २०२१ साली निवृत्त झालो. आधीच सांगून टाकतो, मी श्वानप्रेमी वगैरे कोणी नाही. पोस्टमन आणि कुत्रा यांचं जे असतं, तेच माझंही होतं. १९८९ मध्ये एका बंगल्याच्या फाटकात मनीऑर्डरचा फॉर्म पुढे करत होतो, तेवढ्यात कुत्र्याने डावी पोटरी धरली. मालकीणबाई धावत आल्या, आधी कुत्र्याला "असं करतात का रे?" म्हणाल्या आणि मग माझ्या जखमेत लाल तिखट भरलं. त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे. ती पोटात टोचायचे, रोज एक, १४ दिवस. सरकारी दवाखान्यातली ती रांग मला अजून आठवते. तेव्हा कुत्र्यांना भिणारी माणसं उगाच भितात, असं मी कधी म्हणणार नाही. सकाळी शाळेला निघालेलं पोर टोळकं बघून भिंतीला कसं चिकटतं, ते मी बीटवर असताना रोज पाहिलंय.

तरी हे पत्र एका कुत्र्यासाठी लिहितोय.

गेल्या दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबल्यावर मी खाली पणत्या आवरायला गेलो. जिन्याखाली दोन स्कूटरच्या मधे एक तपकिरी कुत्रा बसलेला. इतका थरथरत होता, की स्टँडला लागून त्याची नखं टकटक वाजत होती. छातीवर पांढरा डाग. मानेभोवती केस झिजून गोल कडं पडलेलं, म्हणजे तिथे बरीच वर्षं पट्टा होता. पायाच्या गाद्या मऊ, डांबरी रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या नसतात तशा. मी "बस" म्हणालो, तर बसलेला उठला आणि पुन्हा नीट बसला. हा कुणाच्या तरी घरचा आहे, हे कळायला आणखी काही लागत नव्हतं.

आमच्या घरात त्या रात्रीपासून त्याचं नाव पाहुणा पडलं. "पाहुण्याला पाणी ठेवलंत का?" असं मंडळी विचारायच्या, तेही जिन्यावरून, नाक मुरडत. चार दिवसांनी भात कालवून द्यायला त्याच लागल्या.

आता, साहेब, घरचा कुत्रा सापडला तर कळवायचं कुठे? मी आयुष्यभर लोकांचे पत्ते शोधत आलो, म्हटलं हे काम आपलंच. आपल्या तक्रार अ‍ॅपवर गेलो. कुत्र्यांच्या नावाने तिथे तीनच पर्याय होते : 'भटक्या कुत्र्यांचा उपद्रव', 'पिसाळलेला कुत्रा' आणि 'मृत जनावर उचलणे'. पाहुणा उपद्रव करत नव्हता, पिसाळला नव्हता, मेलाही नव्हता. म्हणजे आपल्या हिशेबी तो नव्हताच. प्रभाग कार्यालयात फोन केला. पलीकडचा मुलगा चांगला बोलला, पण पहिला प्रश्न "काका, चावलाय का?" नाही म्हणालो. "मग चावल्यावर करा फोन. नाहीतर उपद्रवात टाका, गाडी पाठवतो." पोलीस चौकीत गेलो. तिथले हवालदार म्हणाले, माणसांच्या मिसिंगने आमचा दम निघतोय, कुत्र्याची कुठे घेऊन बसू? त्यांचंही खोटं नव्हतं.

आमच्या खात्यात काय होतं ते सांगतो. पत्ता लागला नाही तर पोस्टमन पत्र फेकून देत नाही. 'पत्ता अपूर्ण', 'घर बंद', 'सोडून गेले' असा शेरा मारून, तारीख घालून, सही करून परत आणतो. घर बंद असेल तर टपाल सात दिवस कार्यालयात राखून ठेवतात. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर ते रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. तिथे नेमलेला माणूस ते उघडून आत कुठे नावगाव सापडतं का बघतो. पाच रुपयांच्या पाकिटासाठी एवढं सगळं! आणि शेरा न मारता मी 'वाटप झालं' लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता.

आपल्याकडे 'भटका' हा एकच शेरा आहे. हरवलेला, सोडून दिलेला, गाडीखाली आलेला, गल्लीतच जन्मून गल्लीतच म्हातारा झालेला, सगळे त्या एका रकान्यात. माझी सगळी तक्रार या रकान्याची आहे.

पुढचं सांगतो. पाहुण्याला स्कूटरमागून बाहेर काढताना माझ्या मनगटावर त्याचा दात घासला. रक्त आलं नाही, पण सालटं निघालं. १९८९ नंतर मी एवढं शिकलोय, की तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. साबण आणि वाहत्या नळाचं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. रक्त आलं नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर औषध नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आपल्या महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. लस होती. पण फ्रीजची किल्ली ज्या सिस्टरकडे, त्या सुट्टीवर. "भाऊबीज झाली की या." अहो, कुत्रं सुट्टी बघून चावतं का? शेवटी खासगीत पैसे मोजून घेतली. आता ती दंडात देतात, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, स्नायूत दिली तर १४व्या दिवशीही. दुखत नाही. पोटातल्या १४ सुयांच्या मानाने तर काहीच नाही. माझ्याकडे खासगीचे पैसे होते. त्याच बाकावर एक सेंट्रिंगवाला पोराला घेऊन बसला होता, पोराच्या पायाला फडकं बांधलेलं. तोही उठून गेला. तो पुढे कुठे गेला, मला माहीत नाही.

मग मी मालक शोधायला लागलो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याच्या मानेवरून चिपचं यंत्र फिरवलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली असते, तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. पाहुण्याला चिप नव्हती. मी फोटोच्या ५० प्रती काढल्या आणि मेडिकल, दूध डेअरी, इस्त्रीवाला, भाजी मंडई, दोन रिक्षा स्टँड इथे लावल्या. इस्त्रीवाल्याला भागातल्या प्रत्येक घरातलं कुत्रं ठाऊक असतं, त्यालाच कपडे आणायला सगळ्यांच्या दारात जावं लागतं. एक खूण मात्र कागदावर लिहिली नाही. शेपटीचं टोक डावीकडे वाकडं होतं, ते राखून ठेवलं. जो मालक म्हणून येईल त्याने ते आपण होऊन सांगावं, म्हणून. मनीऑर्डर देताना आम्ही असेच आडून प्रश्न विचारायचो.

तीन आठवडे पाहुणा जिन्याखाली राहिला. सोसायटीत कुरबूर सुरू झाली. त्याच सुमारास ७ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका. आमच्या सेक्रेटरींनी मोबाइलवर बातमी दाखवली. मी म्हणालो, आपली इमारत शाळा नाही, स्थानकही नाही. ते म्हणाले, "काका, तुमच्यापुरता कायदा वाचू नका." त्यांनी अ‍ॅपवर 'उपद्रव' नोंदवला. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या नातीला कुत्र्याची भीती वाटते, आणि तीन आठवडे म्हणजे काही थोडे दिवस नव्हेत.

बुधवारी १२ नोव्हेंबरला मी हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टात गेलो होतो. जिवंत आहे हे सांगायला अंगठा लावून परत आलो, तर जिन्याखाली पाण्याची वाटी उपडी पडली होती. तुमची गाडी येऊन गेली होती. ना भोंग्यावर घोषणा, ना फलक. कुत्रा कुणी सांभाळतंय का, हे विचारायला कुणी जिना चढला नाही. मंडळी वरून ओरडत होत्या, "अहो, तो आमचा पाहुणा आहे." खालच्या माणसाने वर बघून विचारलं, "परवाना आहे का?"

परवान्याचं पुढे येतंच.

रविवारी, १६ तारखेला, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. नदीपलीकडून. भाजी मंडईतला कागद तिच्या आत्याने पाहिला होता. मी दार उघडलं तर तिच्या हातात लाल पट्टा. लक्ष्मीपूजनाला सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा कुत्र्याने मान काढून घेतली, पट्टा तिच्या हातात राहिला आणि चिकू गेला. चिकू त्याचं नाव. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "त्याची शेपूट शेवटी अशी वळते," आणि बोट डावीकडे वाकवून दाखवलं.

तिला मी काय सांगितलं असेल, ते आपणच ओळखा.

सोमवारी आम्ही तिघं आपल्या निर्बीजीकरण केंद्रात गेलो. रजिस्टर उघडलं. १२ नोव्हेंबरच्या पानावर एक ओळ : 'तपकिरी, नर, १.' फोटो नाही. कुठून पकडला, तर फक्त प्रभागाचा आकडा. शेवटच्या रकान्यात : 'शस्त्रक्रिया, लस, कान खाच. १५/११ सोडला.' कानाची खाच म्हणजे निर्बीजीकरण झाल्याची खूण. कुठे सोडला, तर पुन्हा तोच प्रभागाचा आकडा. आमच्या प्रभागात किती गल्ल्या आहेत, ते मला पाठ आहे, मी तिथे टपाल वाटलंय. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरनेच हळूच सांगितलं, की त्या बाजूचे सगळे नाल्याजवळच्या मैदानात सोडतो, घराघरापाशी थांबलो तर लोक गाडीच अडवतात.

मग मुलीच्या वडिलांनी खिशातून पावती काढली. चिकूचा परवाना होता! महापालिकेचाच, फी भरलेला, अर्जावर कुत्र्याचा रंगीत फोटो चिकटवलेला. ज्या खात्याने फोटो चिकटवून घेतला, त्याच खात्याच्या पिंजऱ्यात तो तीन दिवस होता. एका कपाटात कागद आणि चार भिंतींपलीकडे कुत्रा. कागद कुणी काढून बघितला नाही, कारण पिंजऱ्यातला 'भटका' होता आणि फायलीतला 'पाळीव'. बिल्ला पट्ट्याला होता आणि पट्टा मुलीच्या हातात.

मैदानात ती "चिकू" म्हणून ओरडली तेव्हा सात कुत्र्यांनी माना वर केल्या. आठवा नव्हता.

तेव्हापासून मी नियम वाचायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम १० मार्च २०२३ ला आले, त्याआधी २००१ चे होते. दोन्हीकडे एक गोष्ट कायम आहे. पकडलेल्या कुत्र्याला लगेच क्रमांक द्यायचा, पकडल्याची जागा लिहायची आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याच जागी परत सोडायचं. हे कुत्र्यावर उपकार म्हणून नाही. लस घेतलेला, गल्लीला ओळखणारा कुत्रा आपल्या हद्दीत राहिला, तर बाहेरचा बिनलशीचा आत शिरत नाही. अनोळखी मैदानात टाकलेला घाबरून पळतो, तिथल्या टोळक्याशी भांडतो आणि मधे येणाऱ्या पोराला चावतो. म्हणजे चुकीच्या जागी कुत्रा सोडून महापालिकाच चावे तयार करते. पालिकेच्या पातळीवर या कामावर देखरेखीची समिती असते आणि तिचे अध्यक्ष, साहेब, आपणच असता. आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, ते मी माहिती अधिकारात विचारलं आहे. उत्तर यायचं आहे.

न्यायालयाचंही तसंच. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला : लस देऊन, निर्बीजीकरण करून त्याच भागात सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका. रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, त्यासाठी प्रत्येक वॉर्डात जागा ठरवून द्या. लोकांना पहिला आदेश लक्षात राहिला, दुसरा नाही. आपल्या महापालिकेला दुसऱ्यातला अर्धाच राहिला. 'कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई' असे फलक चौकाचौकात लागले. घालायचं कुठे, त्याचा फलक मी अजून शोधतोय. आमच्या भागात एक ताई रोज रात्री दहानंतर चोरासारख्या डबा घेऊन फिरतात. त्यांनी स्वतःच्या पैशाने ४० कुत्र्यांना लस दिलीय. त्यांना शिव्या मिळतात आणि आपल्याला ती ४० फुकट मिळतात.

कुत्री मारून प्रश्न सुटतो असं म्हणणारेही मला भेटले. त्यांच्यासाठी एवढंच, की मुंबईत हा प्रयोग इंग्रजांनी करून पाहिला. १८३२ मध्ये कोट म्हणजे आजच्या फोर्ट भागात शिपाई कुत्री मारायला लागले, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत मुंबईतली कुत्री संपली नाहीत. उलट शेजारच्या गोव्यात बघा. कुत्र्यांना गल्लोगल्ली जाऊन लस दिली, प्रत्येक लशीची नोंद जागेसकट मोबाइलवर केली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण सत्तर झाले की पन्नास, हे कळायला रजिस्टर नीट असावं लागतं. 'तपकिरी, नर, १' असं लिहून ते कळणार नाही.

कुत्रा सापडला तर काय करावं, हे आपण कुठेच सांगत नाही. म्हणून डॉक्टरांकडून, त्या ताईंकडून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकलो, ते इथे लिहितो. आपल्या संकेतस्थळावर टाका, माझं नाव नको.

सगळ्यात आधी कान बघा. कानाला खाच असेल, कुत्रा धडधाकट असेल आणि चहावाला त्याला नावाने हाक मारत असेल, तर तो हरवलेला नाही. त्याचा पत्ता तोच आहे. दया आली म्हणून त्याला गाडीत घालून दुसरीकडे नेऊ नका. पिल्लांचंही असंच. पिल्लं एकटी दिसली की लोक खोक्यात भरून घरी नेतात, आणि आई उकिरड्यावर पोट भरून परत येते तेव्हा जागा रिकामी. आधी लांबून दोन-तीन तास वाट बघा. आई नाहीच आली तर डॉक्टर गाठा. गाईचं दूध पाजू नका, बहुतेक पिल्लांना त्याने जुलाब होतात.

पट्ट्याची खूण असेल, कुत्रा रस्त्याला बुजत असेल, प्रत्येक गाडीकडे आपली समजून बघत असेल, तर तो घरचा. त्याच्यावर वाकू नका, डोळ्यांत बघू नका. बाजूला तोंड करून खाली बसा आणि पाणी पुढे सरकवा. येईल तो. मी घाई केली, म्हणून दात लागला. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका, मालक वासानेही ओळखतो आणि कुत्राही. घरात आधीच कुत्रा असेल तर दोघांना वेगळं ठेवा. मग डॉक्टरांकडे चिप बघा, फोटो लावा, एक खूण राखून ठेवा. सात दिवस तरी नेटाने शोधा. कुणीतरी मुद्दाम सोडून दिलेला असेल तर तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, नंबरप्लेट दिसली तर लिहून ठेवा.

जखमी असेल तर चादरीच्या झोळीत किंवा फळीवर उचला, पाय धरून नाही. दुखत असताना स्वतःचं कुत्रंही चावतं, म्हणून तोंडाला मऊ फडकं बांधा, पण उलटी करत असेल किंवा धापा टाकत असेल तर बांधू नका. आणि लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, समोर येईल त्याला चावतंय, असं काही दिसलं तर जवळ जाऊच नका. पोरांना आत घ्या आणि महापालिकेला फोन करा. या एका फोनसाठी मात्र आपला अ‍ॅप उत्तम आहे. गप्प, कोपऱ्यात पडून राहिलेला कुत्राही पिसाळलेला असू शकतो, हे लोकांना माहीत नसतं.

आता मागण्या. यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

१. अ‍ॅपवर आणि प्रभाग कार्यालयात 'सापडलेला कुत्रा' आणि 'हरवलेला कुत्रा' असे दोन वेगळे रकाने करा. दोन्ही याद्या लोकांना दिसू द्या.

२. केंद्रात आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो त्याच दिवशी टाका. पकडल्याची जागा गल्ली आणि खुणेसकट लिहा. सोडतानाही तशीच, सोडणाऱ्याच्या सहीने.

३. मानेवर पट्ट्याची खूण असलेला किंवा माणसाळलेला दिसणारा कुत्रा सात दिवस राखून ठेवा. त्याआधी शस्त्रक्रिया नको, सोडणंही नको. परवान्याच्या फायलीतले फोटो त्या सात दिवसांत एकदा तरी काढून बघा.

४. परवाना देतानाच चिप बसवा आणि केंद्रात चिपचं यंत्र ठेवा. बिल्ला पट्ट्याबरोबर जातो, हे आम्ही पाहिलं.

५. रेबीजची लस सणासुदीला, रविवारी आणि रात्रीही मिळाली पाहिजे. फ्रीजची किल्ली दोघांकडे ठेवा.

६. प्रत्येक वॉर्डात खायला घालायची जागा ठरवा, शाळेच्या वाटेपासून लांब, आणि तिथेही फलक लावा.

७. गाडी येण्याआधी घोषणा करा, आणि नाल्याजवळचं मैदान बंद करा.

हे पत्र रजिस्टरने पाठवणार होतो. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतोय. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता पूर्ण लिहिलाय, पिनकोडसकट. पोहोचपावतीची वाट बघतोय.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन

प्रत माहितीसाठी : आपल्या प्रभागातल्या सर्व गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष व सेक्रेटरी, आमचे सेक्रेटरी धरून.

ता. क. : तपकिरी, नर, वय सुमारे सहा वर्षं, छातीवर पांढरा डाग, शेपटीचं टोक डावीकडे वाकलेलं, आता कानाला ताजी खाच. 'बस' म्हटलं की बसतो, 'चिकू' म्हटलं की येतो, आमच्या घरच्यांनी 'पाहुणा' म्हटलं तरी येतो. फटाक्यांना घाबरतो. दिसला तर पाठलाग करू नका, पळेल. पाणी ठेवा आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सांगा. लाल पट्टा माझ्याकडे आहे. नदीपलीकडच्यापेक्षा आमच्या जिन्याखाली तो आधी परत येईल, असं म्हणून ती मुलगी तो इथे ठेवून गेलीय.